गोड लागलं की सांगा

दौलतराव साळसकरांचं नाक गेलं. नाही, अब्रू नव्हे. ती नंतर गेली. आधी गेलं ते खरोखरीचं नाक, चष्मा टेकवायचं. तसं जागेवर होतं. लाल होतं, सुजलं होतं, दिवसरात्र गळत होतं. फक्त त्याला वास येत नव्हता.

आता डिसेंबरात सर्दी कोणाला होत नाही? होते, माणूस चार रुमाल खराब करतो आणि विसरून जातो. पण दौलतरावांचं नाक एकट्या दौलतरावांचं नव्हतं, तिथे सगळा घोळ झाला. अंबरनाथ पूर्वेच्या निसर्गदर्शन सोसायटीचं ते सामायिक नाक होतं, गच्चीवरच्या टाकीसारखं. (निसर्गदर्शन हे नाव बिल्डरने ठेवलंय. दर्शन होतं ते समोरच्या पत्र्याच्या शेडचं. बिल्डर स्वतः राहायला दुसरीकडे.)

त्याचं असं, की थंडी पडली की त्या बाजूला संध्याकाळी एक वास खाली उतरतो. कुठून, ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. कोणी म्हणतं कारखाना, कोणी म्हणतं नाला, कोणी म्हणतं कचरा जाळतात. प्रत्येक जण दुसरीकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्या हाताने नाक दाबतो. दौलतराव निवृत्त हेडक्लार्क. वर्गवारी केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. त्यांनी वासाचे तीन प्रकार पाडले होते: सडका कोबी, जळकं रबर आणि लसूण. कोबी नुसता किळसवाणा. रबराने डोकं दुखायचं. लसूण मात्र वाईट. लसूण आला की त्यांच्या बायकोची, संजीवनीबाईंची छाती शिट्टी वाजवायला लागायची.

म्हणून रोज दिवेलागणीला दौलतराव गॅलरीत उभे राहत, नाक वर करून दोन दीर्घ श्वास घेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकत, 'लसूण. खिडक्या लावा.' की धडाधड सगळ्या खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे आत. इतरांना वास कळायचा तोपर्यंत तो घरात शिरून पडद्यांत बसलेला असायचा. दौलतरावांना तो गेटाबाहेर असतानाच कळायचा. नोकरीत असताना साहेबही त्यांच्या शब्दावर खिडकी लावत नसे. या वयात चार मजले लावत होते.

छातीच्या डॉक्टरांनी मागच्याच हिवाळ्यात स्पष्ट सांगितलं होतं, "हवा बदला, नाहीतर घर बदला." घर विकायला काढलं, तर गिऱ्हाईक नेमकं संध्याकाळी येई. दार उघडून आत येई, उंबऱ्यावरच नाक मुरडी आणि "मिसेसना विचारून सांगतो" म्हणून जाई. एकाही गिऱ्हाइकाच्या मिसेसनी आजवर उत्तर दिलेलं नाही. राहिली हवा. हवा बदलायची तर तक्रार करायची.

कुठल्या ऑफिसात तक्रार केली ते विचारू नका, उगाच नवा अर्ज करावा लागेल. पहिल्या तक्रारीवर त्यांचा माणूस आला तो भर पावसाळ्यात, टेबलावर हातरुमाल पसरून म्हणाला, "वास कुठाय?" दुसऱ्या वेळी पत्र आलं की वासाचा नमुना जोडावा. दौलतराव सरकारी पत्राचा शब्द खाली पडू देणारे नव्हेत. त्यांनी प्लास्टिकची मोठी पिशवी गॅलरीत उघडी धरून लसूण भरून घेतला, गाठ मारली, पिशवी पोटाशी धरून ऑफिस गाठलं. तिथल्या बाईंनी गाठ सोडली, आत डोकावून पाहिलं, पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाल्या, "नमुना रिकामा आहे."

शेवटी उत्तर आलं ते असं: वास येत असेल तेव्हा फोन करावा, अधिकारी सवडीने हजर होतील, तक्रारदाराने स्वतः उपस्थित राहून वास ओळखून द्यावा. दौलतरावांनी पत्र दोनदा वाचलं आणि संजीवनीबाईंना म्हणाले, "झालं तुझं काम. ओळखायला मी आहे ना."

आणि त्याच आठवड्यात सर्दी झाली.

सर्दी गेली, ताप गेला. नाक काही परत आलं नाही. हिंगाची डबी नाकाशी धरली, काही नाही. बाम, काही नाही. संजीवनीबाई म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ग्रुपवर, की सध्या येत नाही म्हणून." दौलतरावांना ते पटेना. म्हणजे सगळ्या बिल्डिंगीला जाहीर करायचं, की साळसकरांचं नाक बंद पडलं? त्यांनी वेगळीच युक्ती काढली. सांगायलाही वाईट वाटतं, पण सांगतो. गॅलरीत उभं राहायचं आणि कान घरात ठेवायचा. बायकोला खोकला आला, की ग्रुपवर टाकायचं, 'लसूण.'

काही दिवस बरं चाललं. बरं म्हणजे, संजीवनीबाई खोकायच्या आणि खिडक्या लागायच्या. मग एका संध्याकाळी त्यांना जोराची ढास लागली. दौलतरावांनी घाईघाईने टाकलं, 'कडक लसूण! ताबडतोब खिडक्या!' चार मजले बंद झाले. कोणी दाराच्या फटीत ओले टॉवेल खोचले. बऱ्याच वेळाने शेजारच्या अंजनीवहिनी नाकाला पदर लावून आल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "भावजी, हा ठेचा जळलाय तुमच्या तव्यावर!"

त्या संध्याकाळी नाक गेल्याचं सगळ्यांना कळलं. वरच्या मजल्यावरचा सुजित बँकेत असतो, जिमला जातो आणि कोणाचीही गय करत नाही. त्याने ग्रुपवर विचारलं, 'काका, सोबत भाकरी मिळेल काय?' खाली हसरी तोंडं, रांगेने. दौलतरावांनी फोन उशीखाली घातला आणि न जेवता पडून राहिले.

आता दुखणं उघड झालं म्हटल्यावर उपाय आले. आपल्याकडे आजाऱ्याला औषध कमी पडेल, सल्ला कमी पडत नाही. अंजनीवहिनींनी निलगिरीचा वाफारा सुचवला. दौलतराव पातेल्यावर इतके वाकले की नाकाचा शेंडा भाजला. सोसायटीचे सेक्रेटरी अनंता पाटील इथलेच जुने, आगरी, मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. ते मोहरीचं तेल घेऊनच आले. "दोन थेंब सोरा नाकान. आमचा बापूस रोज सोरायचा, मरंपरयंत नाक साफ व्हता." दौलतरावांनी चार सोडले, कारण दुखणं मोठं होतं. सुजितने नाक उघडायचा स्प्रे दिला, "काका, टेन्शन नहीं लेनेका, फुल मारा." त्यांनी फुल मारला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि मधून मधून सवय म्हणून. जलनेती केली, ते पाणी एका नाकपुडीतून शिरलं आणि दुसरीतून यायच्या ऐवजी कानात जाऊन बसलं. आता त्यांना वासही येईना आणि डाव्या बाजूने बोललेलं ऐकूही येईना. संजीवनीबाई कायम डाव्या बाजूला बसत.

शेवटी बायकोनेच हाताला धरून उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या डॉक्टर हरेशकडे नेलं. नाक-कान-घशाचे डॉक्टर, सिंधी, हसतमुख. दौलतरावांच्या नाकात बॅटरी मारली आणि हसू गेलं. "दौलतराव साहब, ये क्या डाला है? भजी तळली काय आत?"

मग समजावून सांगितलं. म्हणाले, नाकात आपल्याला दिसतात ते केस वेगळे. त्यांच्या मागे, आत, डोळ्याला न दिसणारे बारीक केस असतात, लाखोंनी. त्यांच्यावर शेंबडाचा पातळ थर. धूळ, धूर, जंतू, जे आत येईल ते त्याला चिकटतं, आणि हे केस सगळे मिळून एका दिशेने हलत हलत तो थर मागे घशाकडे ढकलत राहतात. तिथून आपण गिळतो, पोटात त्याची वाट लागते. चोवीस तास हे काम चालतं, आपल्याला पत्ता नसतो.

"म्हणजे घंटागाडी," दौलतराव म्हणाले.

"बरोबर! आता तुमच्या सर्दीच्या व्हायरसने काय केलं? ते केसच मारून टाकले. थर आहे, कचरा आहे, न्यायला कोणी नाही. म्हणून सगळं तुंबलं. वास वर पोचायला वाट तर पाहिजे ना? आणि वासाच्या नसेला पण मार बसला असेल. ते केस परत येतात, साईं. पण टाइम लागतो. त्यांना सोडून द्यायचं असतं. तुम्ही त्यांच्यावर तेल टाकलं, गरम वाफ टाकली, वरून स्प्रे. कसे उगवणार बिचारे?"

दौलतरावांनी आपल्या टकलावरून हात फिरवला. "इथले नाही आले परत. ते येतील?"

"ते येतील. मीठ-पाण्याने हलक्या हाताने धुवा, बाकी सब बंद. आता एक टेस्ट करू." डॉक्टरांनी चिमट्यात एक पांढरा कण धरला. "हे सॅकरीन. शुगरवाले चहात टाकतात ते. तुमच्या नाकात आत ठेवतो. आतले केस जिवंत असतील तर ढकलत ढकलत घशापर्यंत आणतील, तेव्हा तुम्हाला गोड लागेल. चांगल्या नाकाला गरम चहा निवायच्या आत लागतं. सरळ बसायचं. शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, जोराने श्वास घ्यायचा नाही, मान वाकवायची नाही. फक्त गिळत राहायचं. गोड लागलं की सांगा."

संजीवनीबाई घरी कपडे वाळत होते म्हणून पुढे निघून गेल्या. दौलतराव बाहेरच्या बाकावर ताठ बसले. चहा निवला असता, त्यावर साय आली असती, गोड काही लागेना. त्यांच्यानंतर आलेले पेशंट गेले. डॉक्टर मधून मधून दारातून डोकं काढून विचारत, "मीठा?" दौलतराव मान न हलवता डोळ्यांनीच नाही म्हणत. बाकावरची एक सिंधी आजी ते 'मीठा' ऐकून चौकशीला लागली, की मुलीचं लग्न ठरायचंय का. ते गिळत राहिले. प्रत्येक घोटाला वाटायचं, आता. आणि प्रत्येक घोट आपला थुंकीचाच.

तेवढ्यात फोन वाजला. अनंता पाटील. "दौलतराव, कुठं हाव? मी फोन केलेला, तुमचं सायब आलंन! गेटाव उभं हान. आनी वास असा सुटलाय का डोल्यांतशी पानी! येवा लवकर!"

वास हजर, साहेब हजर, आणि तक्रारदार बाकावर नाकात सॅकरीन घेऊन बसलेला. डॉक्टर म्हणाले, "जा, पण नाक ओढू नका. गोड लागलं की फोन करा." दौलतरावांनी रिक्षा केली. मान ताठ, हनुवटी समोर, दोन्ही हात गुडघ्यांवर. मिरवणुकीतल्या नवरदेवासारखे ते अंबरनाथच्या दिशेने निघाले. रस्ता खणून ठेवला होता. प्रत्येक खड्ड्याला ते जागेवरून उडत आणि परत ताठ बसत. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "चाचा, कमर गया क्या?"

गेटापाशी सगळी सोसायटी जमली होती, प्रत्येकाच्या नाकावर काही ना काही. संजीवनीबाईंना पायरीवर बसवलं होतं. त्या खोकत होत्या, दोन खोकल्यांच्या मध्ये शिट्टी, आणि अंजनीवहिनी त्यांची पाठ चोळत होत्या. साहेबांनी मास्क लावला होता. हातात पॅड, पॅडवर पेन बांधलेलं.

"साहेब, आपल्यालाच येतोय ना वास?" अनंता पाटील म्हणत होते. "लिवा ना मग."

"मला वास घ्यायचा अधिकार नाही," साहेब म्हणाले. "नोंद घ्यायचा अधिकार आहे. मशीन दुरुस्तीला गेलंय. तक्रारदार कोण? आपण? बोला. कसला वास येतोय?"

दौलतराव उभे राहिले. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो समोर उभा होता आणि त्यांच्या नाकात काही म्हणजे काही नव्हतं. ओढून पाहावं, तर डॉक्टरांनी बंदी केलेली. मागून सुजित कुजबुजला, "काका, लसूण बोला. सिंपल आहे." त्यांनी पायरीकडे पाहिलं. बायकोचे ओठ निळसर दिसत होते. कधी सरकारी कागदावर न पाहिलेलं लिहिलं नव्हतं या माणसाने. पण बाईची छाती खोटं बोलत नव्हती. ठरलं, लसूण म्हणायचं. त्यांनी घशातला आवंढा गिळला, तोंड उघडलं...

आणि घशाच्या तळाशी, जिभेच्या मुळाशी, गोड लागलं.

काय सांगू! लख्ख गोड. नाक जिवंत होतं. केस जिवंत होते. दौलतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दोन्ही हात वर करून ओरडले, "गोड! गोड! आलं, गोड आलं!"

साहेबांनी लिहिलं. शिवाय त्याखाली रेघही मारली.

"नाही नाही! ते नाकातलं!" दौलतराव भानावर आले. "वास लसणाचा आहे!"

"तुम्हाला लसणाचा वास येतोय?"

आता इथे हो म्हणायला काय झालं होतं? पण विचारणारा माणूस सरकारी होता, पॅड सरकारी होतं, आणि दौलतराव दौलतराव होते. "वास मला येत नाही," ते म्हणाले. "चव येतेय."

साहेबांनी मास्क खाली केला, एकदा शिंकले, परत वर केला. "दोन शेरे लिहिता येत नाहीत. पहिला शेरा ग्राह्य. इथे सही." पहिला शेरा ग्राह्य, हे दौलतरावांनी स्वतः उभी नोकरी लोकांना ऐकवलं होतं. अनंता पाटील आवाज चढवून भांडले, सुजित पण चक्क भांडला. साहेब घड्याळ पाहत राहिले. पायरीवरून संजीवनीबाई म्हणाल्या, "करा हो सही. मला आत जाऊ दे." त्यांनी सही केली.

आत गेल्यावर डॉक्टरांना फोन केला. निदान तेवढं तरी. डॉक्टर खूश झाले, मग म्हणाले, "रिक्षात धक्के लागले काय?" दौलतराव म्हणाले, धक्क्यांशिवाय काही लागलंच नाही. "मग वो गिर गया होगा, साईं. खड्ड्याने आपटून घशात पडला. ही टेस्ट धरता येणार नाही."

पत्र यथावकाश आलं. घटनास्थळी गोड वास येत असल्याचे तक्रारदाराने स्वतः नमूद केल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. अनंता पाटलांनी ते वाचलं, घडी करून परत दिलं आणि निघाले. अनंता पाटील न बोलता गेल्याचं सोसायटीत कोणालाच आठवत नव्हतं.

त्याच्याही आधी संजीवनीबाई गेल्या. गुहागरकडे, भावाच्या घरी. स्टँडवर म्हणाल्या, "वास थांबला की कळवा, लगेच येते. तिकडे वहिनी मला चहासुद्धा करू देत नाही." आणि मग, "डबा सांगितलाय, तो वेळेवर घ्या. नाकात काही घालू नका."

रोज संध्याकाळी तिचा फोन येई. "आज वास?" "नाही," दौलतराव म्हणत. खोटं नव्हतं ते. त्यांना येत नव्हता. शेजारी कोणालाही विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. ग्रुपवर ते लिहीत नव्हते, खाली उतरत नव्हते, आणि घरात आता खोकणारं कोणी नव्हतं. रोज मीठ-पाण्याने नाक धुवायचं, गॅलरीत उभं राहायचं, काही आलं नाही की आत यायचं. इतक्या दिवसांत तिचा आवाज किती मोकळा झाला होता! शेवटी तीच म्हणाली, "इतके दिवस वास नाही, म्हणजे संपला वाटतं एकदाचा. उद्याच्या गाडीने येते."

दौलतरावांनी घर झाडलं. तिची चादर धुऊन घातली. डबेवाल्या बाईंना सांगितलं, उद्यापासून नको. संध्याकाळी चादर काढायला गॅलरीत गेले, दोरीवरून ओढली, आणि थबकले.

नाकात काहीतरी शिरलं होतं. बारीक, तिखट, ओळखीचं. त्यांना आधी वाटलं कोणाची फोडणी. मग ओळख पटली आणि म्हातारा चादर छातीशी धरून गॅलरीत अक्षरशः नाचला. आलं! नाक आलं! घंटागाडी परत सुरू! कोबी नाही, रबर नाही, साक्षात लसूण! त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'लसूण. खिडक्या लावा.'

सुजितचं उत्तर लगेच आलं. 'काका, आज गोड नाही?' हसरी तोंडं आली, नेहमीपेक्षा कमी. वरच्या-खालच्या खिडक्या उघड्याच राहिल्या. दौलतरावांनी हातातल्या चादरीकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आज काय आलं आहे.

त्यांनी फोन लावला. पलीकडे भावाच्या घरातली भांडी वाजत होती.

"अहो, मीच करणार होते. बॅग भरून झाली. काय झालं?"

"नाक आलं."

"अगं बाई! खरंच? कधी?"

"आत्ता."

"बघा, मी सांगत होते ना, काही घालू नका म्हणून." ती हसली. किती दिवसांनी हसली, आणि हसण्याच्या शेवटी खोकला नाही, शिट्टी नाही. "मग? पहिला वास काय आला? गोड?"

एक शब्द. हो म्हटलं असतं, तर उद्या संध्याकाळी ती या गॅलरीत उभी असती. घर मागे रिकामं होतं. दौलतरावांना फार फार वाटलं, की गोड म्हणावं.

"लसूण," ते म्हणाले.

पलीकडे भांडी वाजायची थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता, सरळ, साधा.

"बरं," ती म्हणाली. "मग बॅग सोडते." आणि जरा वेळाने, "तुम्ही खिडक्या लावून घ्या."

दौलतरावांनी खिडक्या लावून घेतल्या. सबंध बिल्डिंगीत तेवढ्याच लागल्या.